माशांचं शिळं पाणी

मासे धुण्याने मेले, असं मी घरी गेलो तेव्हा आईला सांगितलं. तिला ते पटलं नाही. मासे मेल्यावर धुतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"जिवंतच धुतले," मी म्हटलं. "शोभेचे मासे होते. काचेच्या पेटीत पाळलेले."

"पाललेलं?" ती हसायला लागली. "आन मंग खावाचं कवा?"

मी तिला नीट समजावून सांगू शकलो नाही. कोणाला काहीही समजावून सांगायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते, आणि डोंबिवलीतल्या त्या घराबद्दल तर अजूनही अडखळते. म्हणून सगळं क्रमाने लिहून पाहतो.

आमचं गाव खाडीच्या अंगाला, शीळफाट्याच्या अलीकडे. घर भातावर आणि मिठागरावर चालायचं. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिलाच. गावाहून रोज मुंबई गाठणं शक्य नव्हतं, म्हणून डोंबिवलीत एका बैठ्या घराच्या पडवीत मला जागा मिळाली होती. पडवीचं एक टोक फळ्या ठोकून बंद केलं होतं, त्याला सगळे खोली म्हणायचे. रात्री वाचायला कंदील लावायची मनाई नव्हती, यातच मला सुख होतं. भाड्याच्या बदल्यात घरून तांदूळ यायचा. रेशनचे दिवस होते, त्यामुळे त्या तांदळाला फार मान होता. शिवाय दळण, बाजार आणि बागेतल्या झाडांना पाणी, ही कामं माझ्याकडे होती. प्यायचं पाणी माझ्याकडे नव्हतं. स्वयंपाकघराचा उंबरठा मी ओलांडत नसे. ओलांडू नको असं कोणी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

घरात दोघंच. काका मुंबईला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि काकू घर सांभाळत. मुली लग्न होऊन गेलेल्या. काका-काकू असं मी म्हणायचो ते सगळे म्हणायचे म्हणून, नातं काही नव्हतं. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर हे लिहायला सोपं गेलं असतं.

त्या घरात सोवळं दोनच ठिकाणी होतं: देवघरात, आणि साहेबांचं नाव निघेल तिथे. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि खुर्चीवरचा साहेब आता आपल्यातलाच, उत्तरेकडचा कोणी होता. काकांच्या पाठीचा कणा मात्र जुन्याच राज्यात राहिला होता. "आमच्या साहेबांनी" असं म्हणताना ते घरात, अंगात बनियन असतानाही, किंचित पुढे झुकत.

हे साहेब सहकुटुंब लांबच्या रजेवर मुलखाला निघाले. जाताना त्यांच्या घरातल्या मत्स्यपेटीचं काय करायचं असा प्रश्न कचेरीत निघाला आणि काकांनी तो झेलला. दुसरे दोन कारकूनही पुढे सरसावले होते म्हणे, पण काकांचं वजन पडलं. जेवताना ते काकूंना सांगत होते, "माझ्यावर विश्वास टाकलाय त्यांनी. सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी होतेय, तुला कळतंय का?"

पेटी टांग्यातून आली. लोखंडी पट्ट्यांची चौकट, चारी बाजूंना काच, तळाला वाळू आणि गोटे, गोट्यांवर हिरवट साय, एका कोपऱ्यात पाणवनस्पतीचा झुबका. पाणीही थोडं हिरवट. आणि त्यात संथपणे फिरणारे चार सोनेरी मासे. खरं सांगतो, मला ते फार आवडले. आमच्याकडे मासा दिसतो तो जाळ्यात, टोपलीत किंवा ताटात. नुसताच फिरणारा, कोणाच्या उपयोगाचा नसलेला मासा मी पहिल्यांदाच बघत होतो.

समोरच्या घरातल्या बाई कुंपणापाशी आल्या. "काय हो, तुमच्याकडे मासे आणलेत म्हणे?"

काकूंनी शांतपणे उत्तर दिलं, "मासे नव्हेत हो, साहेबांचे आहेत."

एवढ्याने समोरच्या बाईंचं समाधान झालं. माझंही झालं असतं, पण आमच्या घरून तांदळाबरोबर चुकून एकदा सुक्या बोंबलांची पुडी आली होती, तेव्हा काकूंनी पडवी शेणाने सारवून घेतली होती. ते बोंबील कोणा साहेबाचे नव्हते.

आता काकूंच्या घरातला एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. रात्रीचं पाणी सकाळी घरात राहायचं नाही. ते शिळं. हंडे, कळश्या, तांबे, सगळं पहाटे उपडं व्हायचं, चिंच आणि राख लावून लखलखीत घासलं जायचं, आणि मग विहिरीचं ताजं पाणी भरलं जायचं. हा नियम काकूंच्या आईचा होता आणि तिच्या आईचाही असणार. पिण्याच्या पाण्यापुरतं त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. पण पेटी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी नाकाला पदर लावला.

"किती दिवसांचं असेल हो हे पाणी? साहेबांकडे नोकरचाकर आहेत ना? काय मेलं बघतात?"

काका म्हणाले, "मोठ्या लोकांचं असंच असतं. त्यांना वेळ कुठला? आपण स्वच्छ करून दिलं तर त्यांच्या लक्षात राहील."

मासे घंगाळात काढले गेले. वाळू चाळणीने धुतली गेली. गोटे पातेल्यात घालून उकळले. हिरवा झुबका केरात गेला. काच चिंचेने घासली, राखेने घासली, मग पुन्हा पाण्याने, मग कोरड्या फडक्याने. विहिरीचं पाणी तुरटी फिरवून निवळून घेतलं आणि त्यात मासे सोडले. पेटी अशी झाली की काच आहे की नाही तेच कळेना. शेजारपाजारच्या बायका बघून गेल्या. एकीने विचारलं, "काय लावता हो?" आणि काकूंनी चिंच-राखेचं प्रमाण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा शिळं झालं होतं. मग पुन्हा तेच. हे रोजचं झालं. आधी देवांची अंघोळ, मग माशांची. देवांवर त्याचा परिणाम होत नाही.

खाण्याचंही तसंच. काकूंच्या दारातून कोणी उपाशी गेलेलं मी पाहिलं नाही. माशांना वरणभात मिळायचा, तुपासकट. पाण्यावर तुपाची तेलकट वर्तुळं तरंगायची आणि काका कौतुकाने म्हणायचे, "साहेबांकडे हे सुख नव्हतं त्यांना." एकादशीला साबुदाणा.

मासे एकामागून एक गेले. आधी वर येऊन तोंड उघडमीट करायचे. काकूंना वाटायचं, भूक लागली. मग आणखी भात. मग मासा एका कुशीवर व्हायचा. पहिला मेला तेव्हा काका कचेरीत होते आणि काकू पेटीपासून चार हात लांब उभ्या राहून मला हाका मारत होत्या. मेलेला मासा उचलायला त्यांना माझी आठवण झाली. जिवंत होते तोवर मासे साहेबांचे होते, मेले की ते आमच्याकडचे झाले. मी त्यांना प्राजक्ताखाली पुरलं. मांजराने उकरून नेलं. निदान कोणाच्या तरी उपयोगी पडले.

चौथा मेला त्या दिवशी काका जेवले नाहीत. नंतर ते क्रॉफर्ड मार्केटात गेले आणि हुबेहूब तसेच चार मासे शोधून घेऊन आले. साहेबांच्या एका माशाच्या शेपटीवर पांढरा डाग होता. तसा डाग असलेला मासा मिळेपर्यंत त्यांनी दुकानदाराचं डोकं खाल्लं असणार, कारण डबा उघडताना ते मला तोच डाग दाखवत होते. "बघ. आहे की नाही? तिळभर फरक नाही." चष्मा कपाळावर सरकवून ते त्या डागाकडे असे पाहत होते, जणू साहेबांची सहीच आहे.

मग त्यांनी मला समोर बसवलं. याआधी मला कधी समोर बसवलं नव्हतं.

"हे आता तुझ्याकडे," ते म्हणाले. "तुमच्याकडे मासे असतात."

"काका, आमच्याकडे ते खातात."

"म्हणजे ओळख आहे. शिवाय तू सायन्सला. आम्ही काय, कागदाची माणसं. साहेब परत येईस्तोवर हे जगले पाहिजेत. आल्यावर ते स्वतः इथे येणार आहेत, पेटी बघायला, तसं बोलणं झालंय."

मी विचारलं, "आणि नाही जगले तर?"

काकांनी चष्मा खाली घेतला. "हे बघ, मला कठोर बोलता येत नाही. पण मग तुझी वळकटी उचल. तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला, मग तुला तरी इथे जागा कशी राहील?"

यातला तर्क मला आजही लागलेला नाही. त्या वेळी मी तो शोधलाही नाही. मला फक्त वळकटी दिसत होती. परीक्षा मार्चमध्ये होती. डोंबिवलीत मी आधीच दहा दारं वाजवली होती. प्रत्येक दारात पहिला प्रश्न आडनावाचा असायचा, आणि उत्तर ऐकल्यावर जागा नुकतीच गेलेली असायची. ही खोली गेली तर गाव, आणि गाव म्हणजे मिठागर. चार माशांवर माझं इंटर सायन्स टांगलेलं होतं.

मासे अजून डब्यात होते आणि काकूंनी त्यांच्यासाठी पेटी आधीच घासून ठेवली होती. दुसऱ्या सकाळी मी पाहिलं, चौघंही पाण्याच्या वरच्या थराशी लोंबकळत होते, पंख अंगाशी मिटून. डागवाला तर थोडा कललेला. मी तसाच कॉलेजात गेलो आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या डेमॉन्स्ट्रेटरांना गाठलं. त्यांच्या टेबलाशी एक गढूळ, कुरूप काचेचं भांडं असायचं. त्यात बेडकाची पिल्लं आणि बारीक मासे वर्षानुवर्षं मजेत होते. ते धुतलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

मी अडखळत सगळं सांगितलं. ते हातातला चिमटा खाली ठेवून ऐकत राहिले.

"रोज धुतात?"

"हो सर."

"गोटे उकळतात?"

"हो."

"मासे म्हणजे काय शाळिग्राम आहेत का रे, रोज अभिषेक करायला?" प्रयोगशाळेत सगळे हसले. मीही हसलो, हसलो नसतो तर वाईट दिसलं असतं. मग ते नीट बोलले. "त्या गोट्यांवर जी बुळबुळ असते ना, ती घाण नव्हे. माशांची घाण पचवणारं तेच. तू ते उकळलंस, आता घाण पचवायला कोणी नाही. तळ्याचं जुनं पाणी आण, तिथलेच दोन-चार शेवाळलेले दगड आण, पाणवेल टाक. खायला घालू नकोस. अगदीच वाटलं तर चिमूटभर, तेही एक दिवसाआड. आणि काच घासणाऱ्या बाईंना आवर."

पहिल्या तीन गोष्टी मला सोप्या वाटल्या होत्या.

"तळ्याचं?" काकू म्हणाल्या. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "त्या गावतळ्याचं? अरे, म्हशी डुंबतात तिथे. धोबी कपडे आपटतो. नको नको ते लोक उतरतात पाण्यात."

"पण काकू, माशांना तेच..."

"साहेब येणार आहेत आपल्याकडे! त्यांना काय म्हशीचं पाणी दाखवायचं?"

"पण ते मरतील," मी म्हटलं. याहून मोठं वाक्य मला सुचलं नाही.

काका दोन्ही बाजूंना मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी कचेरीतल्यासारखा निकाल दिला: पेटी साहेब येईपर्यंत पडवीतल्या खोलीत राहील. पडवी घराबाहेर धरायची. पाणी कसलं आणायचं हे मी बघावं, त्यांना सांगू नये. काकूंनी अट घातली की बादली माझी असावी आणि मी मागच्या गल्लीने यावं, पुढच्या दाराने नाही. समोरच्या बाईंनी बघितलं तर काय म्हणतील.

म्हणजे मी आणि ते मासे एकाच जागी ठेवले गेलो, घराबाहेर धरलेल्या घरात. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती.

खाण्याचा प्रश्न सोपा सुटला. मी काकूंना म्हटलं, "नवीन जागी आलेल्या माशांना उपास घडावा लागतो." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगं बाई, त्यांनाही असतं?" त्या दिवसापासून त्यांनी शीतसुद्धा टाकलं नाही. उलट समोरच्या बाईंना सांगितलं की साहेबांचे मासे उपास करतात. शास्त्राला जे जमलं नसतं ते उपासाने केलं. मी खोटंही बोललो नव्हतो.

रोज सकाळी कॉलेजाआधी मी मागच्या गल्लीने तळ्यावर जायचो. पेटीतलं थोडंच पाणी काढायचो आणि तेवढंच तळ्याचं घालायचो, फडक्यातून गाळून. शेवाळलेले दगड आणले. पाणवेल आणली. मग बसून बघत राहायचो. डागवाला दोन दिवस तळाशी कलून पडला होता. मी त्याच्याकडे बघत भौतिकशास्त्र वाचायचो आणि एक ओळ लक्षात राहायची नाही. एका संध्याकाळी तो सरळ झाला. पंख उघडले. मग वर जाणं बंद झालं, चौघं मधल्या पाण्यात फिरायला लागले. गोट्यांवर बोट फिरवलं की हलकी बुळबुळ लागायची आणि ती दिवसेंदिवस वाढत होती. कोणाला सांगितलं तर हसेल, पण त्या बुळबुळीचा मला जितका आनंद झाला तितका मॅट्रिकच्या निकालाचाही झाला नव्हता.

पाणी चहाच्या फिकट रंगाचं झालं. काच बाहेरून पुसलेली, आतून किंचित धुरकट. काकू दाराशी येऊन बघायच्या आणि मान फिरवायच्या. "जगलेत खरे," त्या म्हणायच्या, "पण हे काय जगणं झालं?"

साहेब रजेवरून आले आणि रविवारी येणार असल्याचा निरोप काकांना मिळाला. शनिवारपासून घर धुणं सुरू झालं. छताची जळमटं काढली, दारांचे कडी-कोयंडे घासले, बैठकीतल्या खुर्च्यांवर काकूंच्या लग्नातले अभ्रे चढले. रविवारी सकाळी काकांनी मला ठाण्याला पिटाळलं. टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानातले पेढे साहेबांना एकदा आवडले होते, तेच हवे होते. जाताना मी म्हटलं, "पेटी मी आलो की हलवतो. तोवर कोणी हात लावू नका."

"बरं बरं, तू नीघ," काका म्हणाले.

मी परत आलो तेव्हा पेटी बैठकीत होती. बाहेरून आल्या-आल्या मला ती दिसलीच नाही, इतकी ती स्वच्छ होती. फक्त हवेत टांगल्यासारखे चार मासे दिसले, आणि ते चौघं वर, पाण्याच्या अगदी कडेला, तोंडं बाहेर काढून आचके देत होते.

"कसं दिसतंय?" काकूंनी विचारलं. कपाळावर घाम होता, हातांना चिंचेचा वास. दमलेल्या आणि फार खूश होत्या. "एवढा मोठा माणूस दारी येणार, आणि त्या घाणीत कसं दाखवायचं? आणि अगदी शुद्ध पाणी आहे हो, कालच विहिरीत औषध टाकून गेलेत म्युनिसिपालटीचे."

पटकीची साथ येऊ नये म्हणून विहिरीत टाकतात ते औषध. पाण्यातलं बारीकसारीक सगळं मारायलाच ते टाकतात.

मी पेढ्यांची पुडी खुर्चीवर टाकली, त्या अभ्र्यावरच, आणि पडवीत धावलो. सकाळी आणलेलं तळ्याचं पाणी बादलीत अर्धं शिल्लक होतं. बादली उचलून सरळ बैठकीत आणली. ओंजळीने एकेक मासा काढून बादलीत सोडला. काकू "अरे, अरे, जमीन पुसलीय!" म्हणत होत्या.

काका आतून धोतर सावरत आले. रिकामी पेटी पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मासे कुठे आहेत?"

"बादलीत."

"पेटीत टाक. मोटार वळली असेल आत्ता शीळफाट्यावरून."

"पेटीत मरतील, काका."

"तासभर तर राहायचंय! साहेब चहा घेतील, बघतील, जातील. मग काढ पुन्हा." मग आवाज खाली आणून, जवळजवळ गयावया करत, "तासाभराने काही होत नाही रे."

मला नाही म्हणायची सवय नाही. घरी वडिलांना नाही म्हणत नाही, कॉलेजात सरांना नाही म्हणत नाही, त्या घरात तर प्रश्नच नव्हता. मी बादलीच्या कडीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो आणि म्हटलं, "नाही टाकणार."

"काय म्हणालास?"

"नाही टाकणार. जगवायचे म्हणून माझ्याकडे दिलेत ना? मग नाही टाकणार. मी वळकटी उचलतो, पण हे पेटीत जाणार नाहीत."

काका काहीतरी भयंकर बोलले असते. पण बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला आणि त्यांचं अंग आपोआप पुढे झुकलं.

साहेब जाडसर, घामेजलेले, हसतमुख गृहस्थ होते. रस्त्याच्या धुळीला दोन शिव्या देत आत आले आणि खुर्चीत बसले. काकूंनी पेढे ठेवले. साहेबांनी एक तोंडात टाकला. रिकामी, चकाकणारी, पाण्याने भरलेली पेटी त्यांच्या नाकासमोर होती. त्यांनी तिच्यातून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शेवटी न राहवून काकाच म्हणाले, "सर, आपले फिश..."

"ओ हाँ, मछली!" साहेब म्हणाले. "अभी तक ज़िंदा हैं?"

मी बादली पुढे केली. साहेबांनी वाकून पाहिलं. "बकेट में क्यों?"

काकांना घाम फुटला. "सर, दे आर... दे आर टेकिंग रेस्ट, सर."

"अच्छा, अच्छा." साहेबांनी दुसरा पेढा घेतला. "कितने थे अपने? पाँच थे ना?"

"चार, सर."

"चार होंगे." ते चहा फुंकून प्यायले. डाग असलेला मासा त्यांच्याकडे शेपटी करून फिरत होता. काकांनी हळूच बादली थोडी फिरवली, डाग दिसावा म्हणून. साहेबांनी पाहिलंही नाही. "ऐसा कीजिए, आप ही रख लीजिए. मिसेज़ को बदबू आती है इनसे. मैं तो भूल ही गया था, रास्ते में याद आया."

मग ते कल्याणला कोणाकडे तरी जेवायला निघून गेले. वाटेत पडतं म्हणून इकडे आले होते.

मोटार दिसेनाशी झाली तरी काका फाटकापाशी उभे होते. मी खोलीत जाऊन पुस्तकं बांधायला लागलो. गादी गुंडाळली. कोणतं दार आधी वाजवावं याचा विचार करत होतो, आणि विचार पुढे सरकत नव्हता. बादली माझ्या शेजारी होती.

काका दारात आले. ते रागावलेले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं तेज होतं.

"ऐकलंस ना? भेट दिली. कचेरीत कोणाला काही दिलं नसेल त्यांनी आजवर." मग त्यांचं लक्ष वळकटीकडे गेलं. "हे काय?"

"तुम्ही म्हणाला होतात..."

"ठेव ते खाली. साहेबांनी उद्या विचारलं, मासे कसे आहेत, तर मी काय सांगू? आता ते कायमचे आलेत. तू कुठे जातोस? परीक्षेपर्यंतच नव्हे, पुढेही राहा." दारातून वळता वळता ते म्हणाले, "मघाचं उलट बोलणं मी विसरलो."

मीही विसरावं, असा त्याचा अर्थ होता. मी गादी उलगडली. मला राग यायला हवा होता, हे मला तेव्हाही समजत होतं. पण जागा राहिली या आनंदात रागाला जागाच उरली नव्हती. साहेबांना माशांची आठवण नव्हती, काकांना माझी किंमत नव्हती, आणि मला माझी जागा टिकली एवढंच पुरलं. आम्हा तिघांत शहाणा कोण, हे मी ठरवत बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी पुन्हा तळ्याच्या पाण्याने भरली, यावेळी बैठकीतच, साहेबांची भेट म्हणून. काकूंनी विरोध केला नाही. संध्याकाळी त्या कुंपणापाशी समोरच्या बाईंना सांगताना मी ऐकलं. "अहो, घासायचं नसतं ते. त्या बुळबुळीतच सगळं असतं. आमच्या साहेबांच्या माशांना गावतळ्याचंच पाणी लागतं, दुसरं चालत नाही. फार नाजूक."

"पण त्या पाण्यात म्हशी..." समोरच्या बाई म्हणाल्या.

"असू देत की," काकू म्हणाल्या. "साहेबांनी दिलेत."

सकाळी मी बादली घेऊन सवयीने मागच्या गल्लीला वळलो तर काकूंनी हाक मारली. "तिकडून कशाला? लांब पडतं. पुढूनच ये." पाणी घेऊन परतलो तेव्हा पुढच्या दारात नुकतीच रांगोळी घातलेली होती. नेहमी मधोमध असायची. आज ती थोडी डावीकडे सरकवून काढली होती, उजव्या बाजूने बादली जाईल एवढी वाट ठेवून.

म्हशींचं ते हिरवं पाणी घेऊन मी त्या वाटेने बैठकीत गेलो. कॉलेजाला उशीर होत होता.